पुंगळ्या घरी तापवाव्यात की तापवून घ्याव्यात?

काडतुसं घरी पुन्हा भरणाऱ्या एका नेमबाजाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या, एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) १०० पुंगळ्या, म्हणजे पितळेची रिकामी कवचं, पाचव्यांदा उडवलेल्या. त्यातल्या दोघींच्या माना, म्हणजे गोळी धरणारी अरुंद तोंडं, उभ्या चिरल्या. नवी गोळी बसवताना प्रेसचा (काडतूस भरायच्या दाबयंत्राचा) दांडा एकदा अलगद खाली येतो, तर पुढच्याच पुंगळीला हातावर जोर येतो. ६०० मीटरवर गट (निशाणावरच्या भोकांचा घोळका) आडवा ठीक आहे, पण उभा पसरायला लागलाय. एक मित्र म्हणतो, गॅसचा टॉर्च घे, अंधारात मान लाल होईपर्यंत तापव, झालं काम. दुसरा म्हणतो, घरी हा उद्योग नको, पैसे घेऊन तापवून देणाऱ्या सर्व्हिसकडे पाठव. कोणाचं ऐकायचं?

मी बरीच वर्षं स्वतःच्या आणि सोबत नेमबाजी करणाऱ्या चार-पाच जणांच्या पुंगळ्या तापवतो आहे. टॉर्चने केल्या, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन यंत्राने केल्या, मध्ये दोन वर्षं सर्व्हिसकडेही पाठवल्या. (‘केस’ म्हटलं की वाचणाऱ्याचा हात डोक्याकडे जातो, म्हणून मी आपली पुंगळीच म्हणणार.) तुम्ही राहता तिथे हाताने काडतूस भरणं कायदेशीर आहे आणि लागेल तो परवाना तुमच्याकडे आहे, असं धरून चालतो. काही देशांत रिकामी पुंगळीसुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येत बसते, तेव्हा कुठे पाठवायच्या आधी तेवढं तपासा.

घरी की बाहेर हे नंतर बघू. आधी तुमच्या तीन तक्रारी सुट्या करू, कारण तिन्हींवर एकच औषध नाही. मान चिरणं हे पितळ कडक झाल्याचं सरळ लक्षण आहे, तिथे तापवण्याला पर्याय नाही. गोळी बसवताना कमी-जास्त जोर लागणं, याचं कारण बहुतेक वेळा तेच. पण मानेच्या आतली काजळी एकीत असणं आणि दुसरीत घासून गेलेली असणं यानेही अगदी असंच होतं. आणि उभा पसारा? तो वेगातल्या फरकातून येतो. साधारण १० मीटर प्रति सेकंदाचा फरक या काडतुसाला ६०० मीटरवर दहाएक सेंटीमीटर वरखाली करतो. तो फरक मानेच्या पकडीतून येऊ शकतो, तसाच काडतुसात भरलेल्या बंदुकीच्या दारूच्या वजनातूनही. तुमचा तराजू जर सकाळी एक आणि संध्याकाळी एक सांगत असेल, तर जगातलं सर्वांत महाग यंत्र घेऊन तापवलंत तरी गट होता तसाच राहील. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वीस गोळ्यांचे वेग लिहून काढल्याशिवाय तिसऱ्या तक्रारीचं खापर पितळावर फोडू नका.

आता पितळाचं काय होतं ते बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पोलाद जसं तापवून विझवलं की कडक होतं, तसं हे होत नाही. हे कडक होतं फक्त वाकवून, दाबून, ताणून. तार एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहिलं की ती आधी हट्टी होते आणि मग तुटते. तुमच्या पुंगळीच्या मानेचं नेमकं तेच चाललंय. गोळी सुटताना मान फुगून चेंबरला, म्हणजे बंदुकीतल्या काडतुसाच्या खोबणीला, टेकते. मग साइझिंग डाय, म्हणजे पुंगळी पुन्हा मूळ मापात आणणारा साचा, तिला आवळते. त्यातून एक्सपांडर बॉल (मान आतून रुंद करणारा डायमधला गोळा) वर ओढताना ती पुन्हा ताणली जाते. शेवटी नवी गोळी तिला आणखी थोडी उघडते. एका फेरीत चार वेळा. पाच फेऱ्यांत वीस वेळा वाकवलेली तार ती, चिरली तर नवल नाही.

चिरण्याच्या आधी ती आणखी एक त्रास देते, आणि नेमबाजाला तोच जास्त नडतो. कडक पितळ उसळतं. डायने आवळलं तरी थोडं परत उघडतं. किती उघडतं हे प्रत्येक पुंगळीच्या कडकपणावर ठरतं, आणि तो कडकपणा सगळ्यांचा सारखा उरलेला नसतो. म्हणून एकाच डायमधून निघालेल्या दोन माना गोळीला वेगवेगळ्या जोराने धरतात. तुमच्या प्रेसचा दांडा तुम्हाला तेच सांगतोय.

तापवल्यावर चुरडलेल्या कणांच्या जागी नवे, ताणरहित कण तयार होतात आणि पितळ पुन्हा मऊ, वळणारं होतं. कारखान्यातही शेवटी मान तापवतातच. लष्करी पुंगळ्यांच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतरत्या भागावर, निळसर-तपकिरी डाग दिसतो तो त्याचाच. बऱ्याच व्यापारी कंपन्या तो पॉलिश करून घालवतात, म्हणून लोकांना वाटतं त्यांच्या पुंगळ्या तापवलेल्याच नाहीत.

ताण उरलेलं पितळ काय करू शकतं याचा जुना दाखला हिंदुस्थानातलाच आहे. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवत. पावसाळा संपला की त्यातल्या अनेकांना, विशेषतः गोळी आवळलेल्या जागी, भेगा पडलेल्या असत. मोसमात होतं म्हणून इंग्रजीत त्याचं नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात साठलेला ताण या दोघांची ती करामत होती, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये उलगडून दाखवलं. आपल्या कामाचं त्यातलं इतकंच, की अमोनिया असलेलं भांडी चकाकवायचं पॉलिश पुंगळ्यांना लावू नका. चमक येते, आणि काही महिन्यांनी त्या चमकेवर रेघ उमटते.

आता मुख्य अट, जिच्यात तडजोड नाही. मान आणि खांदा मऊ झाला पाहिजे, बूड मात्र कारखान्यातून आलं तसंच कडक राहिलं पाहिजे. .३०८ मध्ये गोळी सुटताना दाब ६०,००० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास जातो. मानेला चेंबरच्या भिंतीचा आधार असतो. बुडाचा शेवटचा भाग मात्र स्वतःच्या कडकपणावर तो दाब पेलतो. बूड मऊ झालं तर प्रायमरचा (दारू पेटवणाऱ्या टोपीचा) खड्डा सैल होतो, पुढे गॅस मागे फुटतो, आणि मागे तुमचा चेहरा असतो. म्हणून कोणी सांगितलं की ओव्हनमध्ये ट्रे भरून सगळ्या एकदम तापव, तर त्याचं कुठलंच ऐकू नका. ओव्हनला मान आणि बूड यातला फरक कळत नाही.

मग टॉर्चने मान तापवताना उष्णता बुडापर्यंत जात नाही का? जाते, पण हिशेब करून बघा. .३०८ ची पुंगळी साधारण ११ ग्रॅमची. त्यातला मान-खांद्याचा भाग अडीच ग्रॅम धरा, तो ५०० अंश सेल्सिअसवर नेला, बाकी साडेआठ ग्रॅम २५ अंशांवर आहे. ज्योत काढल्यावर ही उष्णता सगळ्या पुंगळीत सारखी पसरली तरी सरासरी १३०-१३५ अंशांवर येते. पितळातला ताण नुसता सैल करायलासुद्धा २५० अंशांवर तासभर ठेवावं लागतं. म्हणजे ज्योत वेळेत काढली तर बुडाला काही होत नाही. धोका ज्योत जास्त वेळ धरण्यात आहे, किंवा ती धडावर खाली घसरू देण्यात. याच हिशेबावरून आणखी एक गोष्ट कळते: गरम पुंगळी पाण्यात टाकण्याची गरज नसते. टाकलीत तर नुकसान नाही, पितळ त्याने कडकही होत नाही आणि मऊही. फक्त नंतर सुकवत बसावं लागतं. मी नाही टाकत.

तापमानाबद्दल बोलताना लोक एकच आकडा मागतात, पण आकडे दोन असतात: किती अंश आणि किती वेळ. कमी अंशांवर जास्त वेळ लागतो, जास्त अंशांवर काही सेकंद पुरतात. टॉर्चवर आपल्या हाती चार ते आठ सेकंद असतात, म्हणून मान ४०० अंशांच्या बरीच वर न्यावी लागते. मेणबत्तीवर धरून बोटांना चटका बसला की सोडायची, ही जुनी रीत अजूनही कोणीतरी सांगतं. त्यात मान कितीही काळी झाली तरी खरं मऊ होणं क्वचितच घडतं. बोटं मात्र रोज मऊ होतात.

दुसऱ्या टोकाला तुमच्या मित्राची रीत. अंधारात मान जेमतेम, ‘दिसली की भास झाला’ इतपत लाल झाली, म्हणजे ती ५०० अंशांच्या पुढे गेली. ही माझ्या लेखी वरची हद्द आहे, म्हणजे रीत चुकीची नाही. अडचण ‘अंधार’ या शब्दात आहे. दिवा बंद केलेली खोली आणि दाराच्या फटीतून उजेड येणारी खोली यांत तीच लाली वेगवेगळ्या वेळी दिसते. दहा मिनिटं अंधारात बसलेला डोळा आणि आत्ता ज्योतीकडे बघून वळलेला डोळा यांतही. उजेडात लाली दिसली म्हणजे केव्हाच उशीर झालेला असतो. आणि जास्त तापलेली मान परत आणता येत नाही. कण फुगून मोठे झालेले असतात, पुंगळी टाकूनच द्यावी लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी बाहेरच्या पडवीत बसून चाळीस पुंगळ्या केल्या. सुरुवातीला उजेड होता, लाली दिसेना, म्हणून मी प्रत्येकीला ती दिसेपर्यंत धरलं. माना सुंदर झाल्या, निळ्या, सोनेरी, मोरपिसासारख्या. दुसऱ्या दिवशी गोळी बसवायला घेतली. दांड्याला काहीच जोर लागला नाही, मला वाटलं किती छान. पुंगळी खाली घेऊन बघतो तर खांदा एका बाजूने आत दबलेला, आणि गोळी बोटाने ढकलली तरी आत जातेय. चाळीसपैकी एकतीस गेल्या. त्या दिवशी माझंच पितळ उघडं पडलं म्हणा.

त्यावरून दोन गोष्टी शिकलो. एक, रंगाच्या पट्ट्यावरून काही ठरवायचं नाही. घासून चकचकीत केलेल्या पुंगळीवर पट्टा लवकर आणि उठून दिसतो, मळकट पुंगळीवर दिसतच नाही, आणि दोन्ही सारख्याच मऊ झालेल्या असू शकतात. दोन, वेळ ठरवायची आधी आणि पाळायची नंतर. काम चालू असताना डोळ्याने ठरवायचं नाही.

घरी टॉर्चने करायचं असेल तर मी असं करतो. प्रायमर आधी काढतो, सगळे, एकूणएक. जिवंत प्रायमर असलेली पुंगळी ज्योतीजवळ नेणं म्हणजे काय ते सांगायला नको, पण घाईत एखादी राहून जाते, म्हणून प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून बुडाच्या भोकातून आरपार बघतो. मग स्वच्छ करून पूर्ण सुकवतो. ओल्या टंबलरमधून (पुंगळ्या घोळवून धुणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या पुंगळीत थेंबभर पाणी राहिलं तर ते उष्णता खातं आणि ती एकटी कच्ची राहते. खिडक्या उघड्या, पंखा बंद, जवळपास दारू किंवा भरलेली काडतुसं नाहीत.

बॅटरीच्या ड्रिलला एक खोल सॉकेट लावतो, ज्यात पुंगळी सैलसर बसेल आणि मान-खांदा बाहेर राहील. सॉकेट धडाला झाकतो हा त्याचा खरा फायदा. ड्रिल सावकाश फिरवायचं, सेकंदाला दोन-एक फेरे. टॉर्च शिकंज्यात पक्का, हातात नाही. ज्योतीच्या आतला निळा सुळका असतो, त्याचं टोक मान आणि खांदा मिळतात तिथे. वेळ मोजायला ठराविक ठोके देणारं मेट्रोनोम अॅप लावतो. मनात मोजलेले पाच सेकंद विसाव्या पुंगळीला चार होतात आणि पन्नासाव्या पुंगळीला साडेतीन.

किती सेकंद, ते मी सांगू शकत नाही, कारण ते तुमच्या टॉर्चवर, गॅसवर, अंतरावर आणि पुंगळीच्या जाडीवर आहे. ते शोधायचं असं. टेम्पिलॅक म्हणून एक रंग मिळतो, ठरलेल्या तापमानाला तो वितळतो. ४०० अंशांचा मानेच्या आतून लावायचा, २३० अंशांचा धडावर, खांद्याच्या सहा-सात मिलिमीटर खाली. वरचा वितळला पाहिजे, खालचा वितळता कामा नये. रंग आतून लावायचा, कारण बाहेरून लावलात तर तुम्ही ज्योतीचं तापमान मोजता, पितळाचं नाही. वरचा वितळायला लागणारा वेळ मिळाला की अर्धा-अर्धा सेकंद वाढवत जायचं. मग खोली खरोखर अंधारी करून दोन-तीन पुंगळ्यांवर लाली कधी उगवते ते बघायचं. या दोन वेळांच्या मधली, लालीच्या जरा अलीकडची वेळ धरायची. ज्योतीचा पुंगळीपलीकडचा शेंडा अचानक नारिंगी होतो तेव्हाही वेळ भरत आली असं समजायला हरकत नाही, पण मी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही.

मग एक पुंगळी बळी द्यायची. थंड झाली की मानेचं तोंड पकडीत धरून हलकेच दाबायचं आणि सोडायचं. कडक असेल तर टणकन परत गोल होते. नीट झालेली दबते, थोडी परत येते, पण पूर्ण नाही. कागदाच्या कपासारखी दबली आणि तशीच राहिली तर जास्त झालं. न तापवलेली एक शेजारी ठेवून दोघींना आळीपाळीने दाबा, हाताला फरक लगेच कळतो.

या कामात तीन ठिकाणी माणूस फसतो. पहिलं, सलग वापरात गॅसची बाटली गार पडते, दाब उतरतो, ज्योत मलूल होते. मी दर पंचवीस पुंगळ्यांनी थांबून पुन्हा टेम्पिलॅकची एक पुंगळी लावून बघतो. दुसरं, सॉकेट तापतो. पहिली पुंगळी थंड सॉकेटात जाते आणि दहावी गरम. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन भंगारातल्या लावायच्या. तिसरं, वेगवेगळ्या बनावटीच्या पुंगळ्या एका वेळेत करणं. लापुआ कंपनीच्या पुंगळीची भिंत आणि दुसऱ्या कोणाची भिंत सारखी जाड नसते. बुडावरचा शिक्का बघून वेगळ्या करा आणि प्रत्येक गटाची वेळ नव्याने काढा. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या मी तापवतच नाही.

मिठाच्या वितळलेल्या रसात मान बुडवायची पद्धतही लोक वापरतात. नायट्रेटचे क्षार ५०० अंशांच्या आसपास वितळलेले, त्यात ओल्या पुंगळीतला एक थेंब पडला तर तो क्षणात वाफ होऊन सगळा रस उडवतो. घरात मुलं-माणसं असताना हे नको, एवढंच म्हणतो.

इंडक्शन यंत्रात ज्योत नसते. तारेच्या वेटोळ्यात पुंगळीची मान ठेवली की पितळातच वीज फिरते आणि ते आतून तापतं. वेळ यंत्र मोजतं, म्हणून हाताचा आणि डोळ्याचा दोष जातो. स्वस्त यंत्रं नुसती टायमरवर चालतात. विजेचा दाब खालीवर झाला की त्यांचा पाच सेकंद हा आकडा तोच राहतो आणि उष्णता बदलते. न्यूझीलंडची एएमपी कंपनी या कामासाठीच यंत्र बनवते. तिच्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात तुमच्या लॉटमधली एक पुंगळी घालायची, यंत्र ती पूर्ण जाळून तिच्यावरून बाकीच्यांचा आकडा ठरवतं. एक पुंगळी जाते, पण अंदाज संपतो. सर्व्हिस देणारे बरेच जण याच प्रकारची यंत्रं वापरतात. तुम्ही पैसे देता ते त्या यंत्राच्या भाड्याचे म्हणा ना.

सर्व्हिसकडे पाठवताना विचारायचे प्रश्न मोजकेच. यंत्र कोणतं, आणि आकडा माझ्या पुंगळीवरून काढणार की त्यांच्या वहीतून? माझा लॉट वेगळा राहणार का? त्यांना पुंगळ्या कशा हव्यात: प्रायमर काढून, धुऊन, साइझ न करता? साइझ न करताच पाठवा, कारण तापवल्यावर साइझ करायचं असतं, उलट नाही. पाठवायच्या आधी मोजा आणि शिक्क्यांचा फोटो काढा. मला एका ठिकाणाहून १०० परत आल्या, संख्या बरोबर, काम उत्तम, पण त्यातल्या सात दुसऱ्याच कोणाच्या होत्या. त्या सात किती वेळा उडवल्यात, कुठल्या चेंबरमध्ये, काहीच कळायला मार्ग नाही. फोन केला तर म्हणाले, साहेब, आकडा तर जुळतोय ना? सातही चेपून टाकल्या. आणखी एक, पाच पुंगळ्या घरीच ठेवा, न तापवलेल्या. परत आलेल्यांशी हाताने ताडून बघायला त्या लागतात.

आता घरी की बाहेर. माझा कौल पुंगळ्यांच्या संख्येवर आणि तुमच्या स्वभावावर जातो. वर्षाला शंभर-दीडशे पुंगळ्या, दोन-तीनदा तापवायच्या: सर्व्हिसकडे पाठवा, टॉर्च शिकण्यात जेवढ्या पुंगळ्या जातील तेवढ्यात हिशेब फिटतो. वर्षाला हजारच्या पुढे, स्पर्धा, दर फेरीला तापवायचं: स्वतःचं इंडक्शन यंत्र, नाहीतर पुंगळ्या तुमच्यापेक्षा जास्त प्रवास करतील. मधल्या लोकांनी टॉर्च-ड्रिल वापरावं, पण तेच ज्यांना दर पंचवीसला थांबून तपासायचा कंटाळा येत नाही. कंटाळा येत असेल तर तसं स्वतःशी कबूल करा, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. मीही आता इंडक्शनवरच करतो.

किती वेळाने करायचं? नुसतं मान चिरण्यापासून वाचायचं असेल तर दर तीन-चार फेऱ्यांनी पुरतं. पण मग पहिल्या फेरीची मान आणि चौथ्या फेरीची मान गोळीला वेगळी धरणार, आणि लांबवर ते दिसणार. म्हणून मी दर फेरीला करतो. थोडं कमी मऊ झालं तरी चालेल, पण सगळ्या सारख्या आणि दर वेळी सारख्या, हे माझ्या लेखी अचूक कडकपणापेक्षा वर आहे. शंभरातल्या साठ आज आणि चाळीस पुढच्या महिन्यात, हे मात्र कधीच नको.

तापवल्यावर डाय जुन्याच जागी ठेवून साइझ करायला बसू नका, इथे बरेच जण चुकतात. मऊ पितळ उसळत नाही, म्हणून तीच डाय आता खांदा जास्त मागे ढकलते. आधी कंपॅरेटरवर (खांद्यापर्यंतची लांबी मोजणाऱ्या साधनावर) उडवलेल्या पुंगळीचं माप घ्या, एक साइझ करा, पुन्हा मोजा, खांदा ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे गेला की पुरे. जास्त मागे गेला तर दर फेरीला पुंगळी बुडाजवळ ताणली जाईल आणि एक दिवस तिथून तुटेल. आणि ते तुटणं तापवण्याने टळत नाही. मान वाचली म्हणून पुंगळी दहा-बारा फेऱ्या चालली की बुडाकडे लक्ष हवं: बारीक तार टोकाला वाकवून आतून फिरवा, बुडाच्या जरा वर खाच लागली की ती पुंगळी संपली. प्रायमर अंगठ्याने बसायला लागला तरी संपली.

मानेची पकडही बदलेल. बुशिंग डाय (मान आवळणारी कडी बदलता येते ती डाय) असेल तर एखाद् वेळेस एक नंबर बदलावा लागेल. मानेच्या आतून थोडी काजळी राहू द्या किंवा ग्रॅफाइट लावा. तापवल्यावर अगदी कोऱ्या मानेत गोळी कचकचत जाते आणि लोकांना वाटतं तापवणंच बिघडलं. पहिल्या पाच गोळ्या बसवताना दांड्यावरच्या हाताकडे लक्ष द्या. जोर पहिल्यापेक्षा कमी आणि सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. दारूचा भारही जिथे होता तिथून जरा खाली येऊन पुन्हा तपासत वर न्या, पकड बदलली की दाबही थोडा हलतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर उरलेल्या ९८ पुंगळ्यांचं तोंड भिंगाखाली बघा, कारण दोन चिरल्या म्हणजे आणखी तीन-चार केसाएवढ्या चिरेच्या असणार. त्या बाजूला काढा. बाकीच्या या वेळी सर्व्हिसकडे पाठवा. पाच फेऱ्यांचा कडकपणा साठलेल्या आणि रोजच्या वापरातल्या पुंगळ्यांवर पहिल्यांदा टॉर्च शिकू नये. त्या येईपर्यंत तराजू आणि क्रोनोग्राफचा हिशेब उरकून घ्या. आणि चिरलेल्या दोन फेकू नका. त्यांची मान गेली, पण जाडी आणि वजन तुमच्या लॉटचंच आहे. टॉर्च घेतलात की टेम्पिलॅक लावून पहिली वेळ त्यांच्यावरच काढा.